फिल्म बाहेर जाऊ दे, पण आधी शेजारच्या फडावर

प्रश्न थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या मॅडम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी सीनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. यंदा एसवायच्या मुलांना अंतर्गत गुणांसाठी त्यांनी जर्नलऐवजी सर्पदंशावर दोन-तीन मिनिटांच्या ॲनिमेशन फिल्म करायला सांगितल्या. सात गटांनी सात फिल्म केल्या. प्राचार्यांना त्या आवडल्या, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी समिती यायच्या आत त्या कॉलेजच्या यूट्यूब चॅनेलवर चढवा असं त्यांनी सांगितलं. वर्गात विचारल्यावर सगळ्यांनी हात वर केले. दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमबाहेर थांबून म्हणाली, "मॅडम, माझा आवाज तेवढा काढा." एका सहकाऱ्याचं म्हणणं, असली कच्ची कामं बाहेर दाखवली तर कॉलेजचं हसं होईल. मॅडम विचारतात: मुलांच्या कष्टांचं चीज व्हावं, निदान हजारभर लोकांनी तरी हे पाहावं असं मला वाटतं, त्यात काही चुकतंय का? शैक्षणिक काम आहे म्हटल्यावर कॉपीराइटची अडचण येणार नाही ना? आणि त्या मुलीची समजूत कशी काढू?

मॅडम,

तुम्ही पाठवलेल्या सातही फिल्म पाहिल्या. ऊसतोडीच्या कोपीवरची, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीवरची, तीनदा पाहिली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर पांढरे आडवे पट्टे ओढले आणि तिची मण्यार केली, हे ज्या कुणाला सुचलं त्याला माझा नमस्कार सांगा. ती सरकते झटके खात, कारण एकेक फोटो जोडून केलेल्या या फिल्ममध्ये प्रत्येक फोटोला मुलांनी तिला बोटभर पुढे ढकललंय, तांदळाच्या दाण्याएवढं ढकलायला हवं होतं. तरीही ती गोधडीखाली शिरते तेव्हा माझे पाय आपोआप खुर्चीवर आले. आणि त्या आजींचा आवाज! "उठ गं, काय चावलं म्हनतीस?" एवढं एकच वाक्य आहे त्यांना.

तुमच्या पत्रातला "हजारभर लोक" हा शब्द मला अडला. कुठले हजार? कॉलेजच्या चॅनेलवर फिल्म पडली की पहिले शंभर बघणारे म्हणजे कॉलेजातलीच मुलं, त्यांचे मामेभाऊ आणि तुमच्यासारखेच प्राध्यापक. त्यातलं कुणी कोपीत जमिनीवर झोपत नाही. सर्पदंशानं देशात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं जातात, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. फिल्म ज्यांच्यासाठी आहे ती माणसं तुमच्या कॉलेजपासून चार किलोमीटरवर असतील. ती यूट्यूबवर 'सर्पदंश' असं टाइप करून शोधायला बसणार नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं: 'वर्गाबाहेर' ही एकच जागा आहे असं धरू नका. शेजारचा वर्ग हीसुद्धा वर्गाबाहेरची जागा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला बाकडा, आशाताईंची महिन्याची बैठक, ग्रामसभा, ऊसतोडीचा फड, आणि मग सगळं जग. प्रत्येक ठिकाणी फिल्मला वेगळी तयारी लागते आणि प्रत्येक ठिकाणी धोकाही वेगळा असतो.

धोक्याचंच आधी बोलू, कारण तो गंभीर आहे. कोपीच्या फिल्ममध्ये १ मिनिट १४ सेकंदाला भाऊ आपला गमछा काढून बहिणीच्या पोटरीवर करकचून बांधतो. वर्गात तुम्ही त्याचे दोन गुण कापले असतील, विषय मिटला. बाहेर तो मिटत नाही. आवळून बांधू नये, जखमेला चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा फळकुटानं स्थिर करायचा, अंगठ्या, जोडवी, बांगड्या काढायच्या, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि साप शोधण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं प्रतिविष असलेलं हॉस्पिटल गाठायचं. तुमच्या मुलांनी गाडीचा भाग छान दाखवलाय. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहणार आहे तो गमछा.

दुसरी चूक अधिक बारीक आहे, आणि मला ती जास्त खुपली. मण्यार चावल्यावर मुलीचा पाय लाल होऊन टम्म सुजलेला दाखवलाय. घोणस किंवा फुरसं चावलं तर सूज येते. मण्यारीच्या दंशाला बहुधा ना सूज असते ना फारशी वेदना, आणि माणसं उशिरा येतात ती त्यामुळेच. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते. सूज शोधत बसलेल्या घराला तुमची फिल्म सांगेल की काही झालं नाही, झोपा. दुरुस्ती मात्र सोपी आहे. सुजलेल्या पायाचं कापण काढून टाकायचं आणि मुलीच्या चेहऱ्यावर पापण्यांच्या दोन-तीन कागदी पट्ट्या, एकीपेक्षा दुसरी जास्त मिटलेली, अशा लावून नवे फोटो घ्यायचे. एका दुपारचं काम आहे. त्याआधी सातही फिल्म तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्या. तुम्ही प्राणिशास्त्राच्या आहात, सापांबद्दल तुमची चूक होणार नाही. उपचारांबद्दल होऊ शकते, तशी माझीही. ही पायरी झाल्याशिवाय एकही फिल्म ग्रुपवर पाठवू नका, कारण व्हॉट्सॲपवर गेलेली फिल्म परत बोलावता येत नाही.

आता वर झालेल्या हातांबद्दल. मॅडम, गुण तुमच्या हातात असताना तुम्ही विचारलंत आणि सगळ्यांनी हात वर केले, याला होकार म्हणायला माझं मन धजत नाही. तुमच्या मनात काही नव्हतं हे मान्य. मुलांच्या मनात होतं. अंतर्गत गुण विद्यापीठाला जाऊ द्या, मग पुन्हा विचारा, कागदावर आणि एकेकट्याला. त्या कागदावर फक्त हो-नाही नको. कुठे दाखवायला चालेल: कॉलेजात, गावात, व्हॉट्सॲपवर, यूट्यूबवर? नाव कसं यावं: पूर्ण, नुसतं पहिलं, की नकोच? कुणाला पुढे त्यात बदल करू द्यायचा का? आणि "उद्या मत बदललं तर यूट्यूबवरून काढू, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेलं काढणं आमच्या हातात नाही" हे वाक्य मराठीत, साध्या अक्षरात.

हा कागद नुसत्या सौजन्याचा नाही. नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाकडे जातो, पण तुमची मुलं कॉलेजची नोकर नाहीत, उलट फी भरतात. चित्रपटाच्या बाबतीत १९५७ चा कॉपीराइट कायदा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला, म्हणजे निर्मात्याला कर्ता मानतो, आणि त्यावर बोट ठेवून संस्था म्हणू शकते की असाइनमेंट आमची होती. मुलं म्हणतील, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पुठ्ठे आम्ही कापले. हा वाद होऊच नये यासाठी लेखी परवानगी. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच परवानगी दिली असं धरतो. यूट्यूब जगभर दिसतं, तेव्हा "जगभर" आणि "अमुक वर्षं" हे दोन शब्द विसरू नका. हक्क देऊन टाकले तरी आपल्या कामावर आपलं नाव असावं ही मागणी कर्त्याकडेच राहते, ती कलम ५७ नं दिली आहे.

हे पत्र ज्युनिअर कॉलेजातले कुणी शिक्षक वाचत असतील तर त्यांच्यासाठी: अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या सहीचा करार टिकत नाही, तिथे पालकांची सही हवी. मुलांची वैयक्तिक माहिती ऑनलाइन टाकायची तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही पालकांच्या संमतीकडेच बोट दाखवतो.

नावांवरून एक जुनी गोष्ट आठवली, माझ्याच चुकीची. पूर्वी एका संस्थेसाठी मी आरोग्याच्या फिल्म जोडून द्यायचे काम करत होते. जुलाबांवरची एक फिल्म होती, दोन शिकाऊ मुलींनी काढलेली. एसटी स्टँडवरच्या पडद्यासाठी ती अर्ध्या मिनिटात बसवायची होती. काय कापायचं म्हणून मी शेवटची नावं कापली. कुणी मला सांगितलं नव्हतं, मीच कापली. वर्षभरानं त्यातली एक मुलगी भेटली आणि म्हणाली, "ताई, आम्ही वडिलांना मुद्दाम स्टँडवर घेऊन गेलो होतो." ती रागावली नव्हती. तेव्हापासून मी नावं सुरुवातीला टाकते, कापायला गेलं तर फिल्मच लंगडी होईल अशा जागी.

तुमच्या त्या मुलीकडे येऊ. तुम्ही लिहिता की तिच्यात आत्मविश्वास कमी आहे, या निमित्तानं तो येईल, म्हणून समजूत काढायची आहे. तिनं काय केलं ते पुन्हा बघा. सगळ्या वर्गानं हात वर केल्यावर दुसऱ्या दिवशी एकटी स्टाफरूमपाशी येऊन गुण देणाऱ्या मॅडमना तिनं नाही म्हटलं. आत्मविश्वास यापेक्षा वेगळा कसा दिसतो मला माहीत नाही. घरून कटकट होईल, जिथे लग्न ठरतंय तिकडच्या मंडळींनी ऐकलं तर, कुणीतरी तो आवाज कापून त्यावर काहीतरी अचकट जोडलं तर... कारणं तिची आहेत, तुम्ही विचारायची गरज नाही. आवाज बदला. गटातल्या दुसऱ्या कुणी डबिंग करावं, किंवा निवेदन काढून पडद्यावर मराठी अक्षरं द्यावीत. अक्षरं तशीही लागणार आहेत, फोनचा आवाज बंद ठेवून बघणारे पुष्कळ. 'मुक्ता' किंवा 'बलू' हे देवनागरी फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं केलेले आहेत आणि फुकट, खुल्या परवान्यावर मिळतात. तिनं काढलेली चित्रंही नकोत असं ती म्हणाली तर त्या गटाची फिल्म वर्गातच राहू दे. सात नाही, सहा जातील.

शैक्षणिक काम आहे म्हणून कॉपीराइटची अडचण नाही, हे अर्धंच खरं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतींना कायद्यात सवलत आहे. संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच प्रेक्षक असतील तरीही आहे. पण ती वर्गाच्या आणि गॅदरिंगच्या दारापर्यंतच तुमच्यासोबत येते. तुमच्या सातपैकी चार फिल्मना एका गाजलेल्या मराठी सिनेमातली सनई मागे लावली आहे. यूट्यूबची यंत्रणा ती काही मिनिटांत ओळखेल, मग फिल्मवर संगीत कंपनीच्या जाहिराती लागतील किंवा ती बंद पडेल. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत आहे. पण मी म्हणेन, संगीत काढाच. रात्रीची कोपी आहे: रातकिडे, लांबवर ट्रॅक्टर, बैलांच्या गळ्यातली घुंगरं. मुलांनी एक संध्याकाळ फोन घेऊन फडावर जावं आणि हे आवाज भरून आणावेत. फिल्म दुपटीनं चांगली होईल.

दोन फिल्ममधले साप गुगलवरून उचलले आहेत. त्यातल्या एकाला घोणस म्हटलंय आणि तो अजगर आहे, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्या जागी मुलांनी स्वतः काढलेलं चित्र टाका, म्हणजे दोन्ही चुका एकदम जातील. फुकटच्या ॲनिमेशन ॲपवर केलेल्या फिल्मचे नियम ज्या त्या ॲपमध्ये वाचावे लागतील. कोपऱ्यात ॲपचा शिक्का राहिला तर राहू दे, तो पुसायच्या खटपटीत पडू नका. पुढच्या वर्षी ब्लेंडर किंवा ओपनटून्झ ही ॲनिमेशनची सॉफ्टवेअर शिकवता आली तर बघा, दोन्ही मोफत आहेत आणि फिल्म पूर्णपणे मुलांची राहते.

हसं होईल म्हणणाऱ्या सरांना काय सांगायचं? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटी फिल्म केली होती, कुंडीसमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण करत. ती दाखवून त्यांनी पहिल्या सिनेमासाठी भांडवल मिळवलं. ती हजारभर लोकांसाठी नव्हती, पैसे लावू शकतील अशा मोजक्या लोकांना दाखवायची होती. मुलांची ट्यूबची मण्यार झटके खाते म्हणून फडावरच्या बायका हसतील, तर हसू द्या. हसल्या तर लक्षात ठेवतील. हसं व्हायचं असेल तर ते अजगरानं होईल.

तेव्हा क्रम असा लावा. पावसाळ्याआधी शेतातल्या सापांच्या फिल्म आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या बैठकीत दाखवा, पेनड्राइव्हवर नेऊन. कोपीची फिल्म दसरा-दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की. मुकादमाला आधी भेटावं लागेल. दिवसभराच्या तोडीनंतर रात्री आठला माणसं गळालेली असतात, दोन मिनिटांपेक्षा जास्त मागू नका. बरोबर मुलांना न्या आणि फिल्म संपल्यावर त्यांना गप्प बसवा, त्यांनी फक्त ऐकायचं. टोळी बीडकडची असेल तर मण्यारीला तिकडे काय म्हणतात हे विचारून घ्या, आणि तोच शब्द फिल्ममध्ये घाला. व्हॉट्सॲपवर द्यायची तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे चित्र फुटत नाही.

हे सगळं फिरून आल्यावर यूट्यूब. तिथेही पहिले काही आठवडे 'अनलिस्टेड' ठेवा, ज्याच्याकडे लिंक आहे तोच बघेल. चढवताना यूट्यूब विचारतं की हे लहान मुलांसाठी आहे का. ॲनिमेशन म्हणजे मुलांचं असं समजून 'हो' दाबू नका, तुमच्या फिल्म मोठ्यांसाठी आहेत. कॉमेंट बंद ठेवायच्या की उघड्या, हे मुलांना ठरवू द्या. आणि चॅनेल तुमच्या खाजगी जीमेलवर उघडलेलं असेल तर आजच दोघा-तिघांना व्यवस्थापक करा. एका मॅडमची बदली झाली आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, अशी चॅनेलं मी डझनानं पाहिली आहेत.

मुलांची तयारी असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन आणि त्याच अटींवर पुढे देण्याचा परवाना लावता येईल. मग सोलापूर-विजापूरकडच्या एखाद्या शिक्षकाला तीच फिल्म कन्नडमध्ये करता येते, आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रं-फिल्मच्या खुल्या साठ्यावरही ती जाऊ शकते. 'व्यावसायिक वापर नको' अशी अट घातली तर कॉमन्सवर घेत नाहीत. हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे सही करण्याआधी मुलांना दोनदा सांगा.

प्राचार्यांची अडचण मला कळते, नॅकला काहीतरी दाखवावं लागतं. त्यांनी सुचवलेली ४० सेकंदांची सुरुवात, म्हणजे बोधचिन्ह, संस्थापकांचा फोटो आणि मनोगत, ती फिल्मच्या शेवटी न्या आणि पाच सेकंदांवर आणा. त्यांना सांगा, साप चावलेला माणूस मनोगत संपेपर्यंत थांबणार नाही. नॅकच्या फाइलला फडावरच्या रात्रीचे फोटो आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र लावा. नुसत्या व्ह्यूजच्या आकड्यापेक्षा ते समितीला जास्त पटेल असं मला वाटतं.

राहता राहिल्या त्या आजी. आवाज त्यांचा आहे, तेव्हा परवानगीही त्यांची हवी, अंगठा असला तरी चालेल, नातवानं वाचून दाखवायचं. आणि त्यांनी ती फिल्म पाहिली का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.